गाठ निघाली, तरी रेडिएशन का?

स्तनातली गाठ लहान असताना सापडली, शस्त्रक्रियेत तेवढाच भाग काढून स्तन वाचवता आला, काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) स्वच्छ निघाल्या आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात मार्जिन (काढलेल्या तुकड्याच्या कडा) मोकळे असल्याचे लिहून आले, म्हणजे आजार संपला, असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. माझा रिपोर्ट आल्यावर भेटायला येणारे बहुतेक जण हेच विचारत होते की, गाठ निघाली आहे, तर आता लाईट, म्हणजे रेडिएशन (किरणोपचार), कशासाठी घ्यायची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हजारो स्त्रियांनी चाचण्यांमध्ये भाग घेतल्यामुळे मिळाले आहे, म्हणून ते नीट मांडावेसे वाटते.

अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत स्त्रियांचे तीन गट होते. एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ काढली आणि तिसऱ्यात गाठ काढून रेडिएशन दिले. २० वर्षांनंतर तिन्ही गटांतील जगण्याचे प्रमाण सारखेच होते. स्तन वाचवल्याने आयुष्य कमी होत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पण ज्यांचे मार्जिन मोकळे होते, त्यांच्यातही फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला, तर रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. मोकळे मार्जिन याचा अर्थ काढलेल्या तुकड्याच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत इतकाच असतो. उरलेल्या स्तनात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा पेशी असू शकतात आणि रेडिएशन त्यांच्यासाठी असते.

पुढे २०११ मध्ये अशा १७ चाचण्यांमधील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र अभ्यासली गेली. १० वर्षांत कर्करोग कोणत्याही स्वरूपात परतण्याचे प्रमाण रेडिएशनमुळे ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आले, आणि १५ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. आजची औषधे आणि तपासण्या अधिक चांगल्या असल्याने हे आकडे आता एकंदरीत खाली आले आहेत. तरीही स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचा उरलेला अर्धा भाग म्हणजे रेडिएशन, असेच मी मानते. जखम भरली, दुखणे थांबले, म्हणून तो अर्धा भाग सोडून देणे मला फार धोक्याचे वाटते.

प्रत्यक्ष उपचारात दुखत काहीच नाही. आधी सी.टी. स्कॅन करून आखणी होते, छातीवर खुणा केल्या जातात आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून बजावले जाते. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर राहावे लागते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर शिकवलेले खांद्याचे व्यायाम टाळून चालत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका बाईंचा हात वर जाईना, म्हणून त्यांची आखणीच पुढे ढकलावी लागली होती. माझी गाठ डाव्या बाजूला होती. हृदयाला मिळणारा डोस जितका वाढतो तितका पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता चांगले माहीत असल्यामुळे मला खोल श्वास धरून ठेवायला शिकवले. छाती फुगली की हृदय स्तनापासून थोडे दूर सरकते. तंत्रज्ञ बाहेर जातात, जड दार बंद होते, स्पीकरवरून “ताई, श्वास घ्या, धरून ठेवा” असे ऐकू येते, यंत्र अंगाभोवती फिरते, आणि काही मिनिटांत सगळे आटोपते. डोक्याचे केस जात नाहीत, आणि अंगात किरण उरत नसल्याने घरी नातवंडांना जवळ घ्यायलाही हरकत नसते. थकवा मात्र येतो, आणि स्तनाखालची घडीची त्वचा लाल, मग काळसर होते. तिथे सुती, सैल कपडा आणि डॉक्टरांनी सांगितलेलेच मलम, एवढेच लावावे.

खरी अडचण रोज रुग्णालयात जाण्याच्या अंतराची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे, पण मुक्कामाचा आणि बुडालेल्या रोजाचा भार घरावरच पडतो. यवतमाळकडच्या एक मावशी धर्मशाळेत राहून यायच्या. कापसाची वेचणी तोंडावर आली होती आणि त्यांचा सगळा जीव शेतात होता. गाठ लहान असूनही, केवळ रोजच्या फेऱ्या परवडणार नाहीत म्हणून पूर्ण स्तन काढून घेणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण काखेतल्या गाठींत आजार निघाला तर स्तन काढूनही रेडिएशन लागू शकते.

म्हणूनच कोर्स लहान झाला, ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पूर्वी ५ आठवड्यांत २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचे एकक) देत असत. ब्रिटनमधील चाचण्यांनी ३ आठवड्यांत १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे तितकेच परिणामकारक असल्याचे दाखवले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने एका आठवड्यात ५ सिटिंगमध्ये २६ ग्रे देऊनही ५ वर्षांपर्यंत कर्करोग तितकाच आटोक्यात राहतो, हे सिद्ध केले. प्रत्येकीला हा छोटा कोर्स चालेलच असे नाही. वय कमी असेल तर गाठीच्या जागेवर जादा डोसही देतात. पण आखणीच्या आधी डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे.

रेडिएशन टाळता येते का, याचेही उत्तर काही जणींसाठी ‘हो’ आहे. ६५ वर्षांवरील, लहान आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असलेल्या, काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांवरील प्राइम-२ चाचणीत १० वर्षांत त्या स्तनात आजार परतण्याचे प्रमाण रेडिएशनविना ९.५ टक्के आणि रेडिएशनसह ०.९ टक्के होते, पण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मात्र त्या स्त्रियांना हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या किमान ५ वर्षे घ्यायच्या होत्या. त्यामुळे हा मार्ग निवडणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे घरातल्या कोणीतरी रोज पाहिले पाहिजे, आणि वर्षाची मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रेची) तारीखही सांभाळली पाहिजे.