केम्निट्झमध्ये चौघांची एक चूल

सांगलीहून फोन आला की पहिला प्रश्न ‘जेवलास का’, दुसरा ‘काय जेवलास’. अलीकडे त्यात तिसराही आलाय: ‘केवढ्याला पडतं रे?’ आकडा सांगितला की पलीकडे लगेच गुणाकार सुरू होतो, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो. माणशी महिना ११० युरो. युरो आता शंभरीच्या वर आहे, म्हणजे अकरा हजारांच्या पुढे गेलं. एवढ्या पैशांत सांगलीच्या विश्रामबागेत एक माणूस तीनेक महिने मेसला जेवेल हे मला माहीत आहे. आई, हे पुन्हा सांगू नकोस.

त्यामागचा हिशोब असा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हाच आकडा आहे. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. त्यातून घरभाडं, आरोग्यविम्याचे दीडशेच्या आसपास, फोन, शिवाय घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे १८ युरो ३६ सेंट रेडिओ-टीव्हीची वर्गणी. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हात आखडायला किंवा सैल सोडायला जागा उरते ती खाण्यात. त्यात काही मुलं पोटाला चिमटा काढतात, मॅगी आणि पावावर महिने काढतात आणि पहिल्याच थंडीत आजारी पडतात. आम्हाला ते करायचं नव्हतं.

केम्निट्झ हे पूर्व जर्मनीतलं, साक्सनी प्रांतातलं कारखान्यांचं गाव. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं, आणि मार्क्सचं अगडबंब डोकं अजून भर गावात उभं आहे. २०२५ मध्ये गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. आमच्या दृष्टीने त्याचं खरं वैभव म्हणजे स्वस्त भाडं. त्यामुळे चौघांना मिळून मोठ्या स्वयंपाकघराचं घर परवडलं. मी सांगलीचा, एक तासगावचा, एक कराडचा आणि एक वाईचा. वाईकर माळकरी आहे. हे आत्ताच सांगतो, कारण हिशोबात त्याचा मोठा वाटा आहे.

इथल्या सामाईक घरांत साधारण पद्धत अशी की फ्रीजचे कप्पे वाटून घ्यायचे आणि आपापलं आणून आपापलं शिजवायचं. मग चार मिठाचे पुडे, चार तेलाच्या बाटल्या, चार अर्धे कोबी. त्या अर्ध्या कोबींपैकी दोन कचऱ्यात जाणार हे ठरलेलं. आणि थकून रात्री दहाला घरी आलेला माणूस एकट्यासाठी कुकर लावत नाही, सात-आठ युरोचा ड्योनर, म्हणजे मांस आणि सॅलड भरलेला तुर्की पाव, घेऊन येतो. असे चार ड्योनर म्हणजे एका माणसाचा आठवड्याचा किराणा. म्हणून मला विचाराल तर स्वस्त दुकान कोणतं हा प्रश्न दुय्यम आहे. घरी आल्यावर पातेल्यात काहीतरी तयार असलं की महिन्याचं बजेट टिकतं, नाहीतर कितीही सवलतीची दुकानं पालथी घाला, टिकत नाही.

तेव्हा आम्ही सरळ मेस काढली, नियमही सांगलीतल्या मेसचेच. एक तारखेला तिघांनी ११०, माळकऱ्याने ९५ भरायचे. अंडी आणि चिकनचे माणशी १५ वेगळे धरलेत, ते त्याने का भरायचे? एकूण ४२५. त्यातले आठवड्याला ऐंशी भाजी-दुधाला, बाकीचे तांदूळ, पीठ, तेल अशा पोत्या-डब्यांच्या मालाला. साबण, कॉफी, बिस्किटं, बिअर या गोष्टी मेसच्या बाहेर, ज्याची त्याने आणायची. सुरुवातीला आम्ही फोनवरच्या ॲपमध्ये एकेक वस्तू टाकून वाटणी करत होतो. त्यात ‘माझं दही कुणी खाल्लं’ हा विषय सुरू होतो आणि तो कधी संपत नाही. एकदा पैसे भरले की दही सगळ्यांचं, हे जास्त बरं.

खाडाही आहे. जेवायला नसणार असं आदल्या रात्री नऊपर्यंत ग्रुपवर लिहिलं तर एका वेळेचा दीड युरो पुढच्या महिन्यात वळता होतो. नऊनंतर लिहिलं तर नाही. तासगावकरने सुरुवातीला हुज्जत घातली, “भावा, दिवसाला साडेतीन पडत्यात, मग दोन वेळचे तीनच कसे दीतोस?” मेसचे मालक खाड्याचे पूर्ण पैसे का देत नाहीत, हे मालकाच्या जागी बसल्यावर कळतं. तू जेवला नाहीस तरी तेल, मीठ, मसाला आणि विजेचं बिल थांबत नाही. शिवाय डाळ तिघांसाठी आणि चौघांसाठी तेवढीच भिजते. पाहुणा आला तर महिन्यात एक फुकट, पुढच्याचे दोन युरो. कराडकरला स्वयंपाक येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. तो भांडी घासतो आणि दर शनिवारी सामान उचलून आणतो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात दहा किलो तांदूळ चढवणाऱ्या माणसाला कुणी ‘चपाती लाट’ म्हणत नाही.

शनिवार महत्त्वाचा, कारण रविवारी इथे दुकानं बंद. मोठी स्टेशनं, पेट्रोल पंप असे अपवाद सोडले तर सगळीच. म्हणून शनिवारी संध्याकाळी आल्डी, लिडल, पेनी अशा दुकानांत मुदत जवळ आलेल्या मालावर तीस टक्के सवलतीची चिकटपट्टी लागते. आम्ही त्याच वेळी जातो. कपाटावरच्या पट्टीवर वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, तो कायद्यानेच द्यावा लागतो. बघायचा तो भाव. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. पाण्याची बाटली मात्र घ्यायची नाही, नळाचं पाणी उत्तम असतं. वर एकदाच वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत जाते, ती परत मिळवायला बाटली मशीनमध्ये नेऊन टाकावी लागते.

भारतीय दुकानात आम्ही महिन्यातून एकदाच जातो, तेही यादी घेऊन. तिथे गेलं की मन गावाकडे जातं आणि पैसे दुकानदाराकडे. गोठवलेली भेंडी, तयार पराठे, आंब्याचा रस... पिशवी हलकी आणि बिल जड. तिथून आणायचं ते ज्वारीचं पीठ, पोहे, हिंग, मोहरी, चिंच. बाकीचं तुर्की आणि अरबी दुकानांत आणि साध्या जर्मन दुकानांत मिळतं. कोथिंबिरीची भक्कम जुडी, कच्चे शेंगदाणे, हरभरे, मसूरडाळ, हिरव्या मिरच्या, सगळं तुर्की दुकानात. जर्मन दुकानातली कोथिंबीर कुंडीसकट विकतात, चार काड्या आणि एवढीशी माती.

पिठाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे येणारा प्रत्येक जण त्यात अडखळतो. जर्मन पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पिठात साधारण किती मिलिग्रॅम खनिजं आहेत ते हा आकडा सांगतो. कोंडा जास्त तर आकडा मोठा. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा, त्याच्या चपात्या लाटताना रबरासारख्या मागे येतात. पूर्ण गव्हाचं पीठ फोलकॉर्न नावाने मिळतं, पण त्यातला कोंडा भरड असतो आणि नुसत्या त्याची चपाती फाटते. दोन्ही निम्मं-निम्मं घेऊन कोमट पाण्यात मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. चपाती फुगते. भारतीय दुकानातल्या आट्याच्या पोत्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि कुठल्याही दुकानात मिळतं. भाकरी फक्त रविवारी, ज्वारीचं पीठ महाग म्हणून. शाळूच्या भाकरीची चव त्याला नाही, पण पिठलं आणि ठेचा पुढ्यात असल्यावर कोण तक्रार करतो?

डाळीत आमचा मुख्य आधार अख्खा मसूर. इस्लामपूर-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवर तो जसा मिळतो त्याच्या बऱ्यापैकी जवळ आम्ही पोचलो आहोत. जर्मन लोक चपटी, हिरवट-तपकिरी मसूर आमटीसारखी करून खातात. टेलरलिन्झन या नावाने ती प्रत्येक दुकानात असते. ती जरा मोठी आणि पिठूळ आहे. तुर्की दुकानात बारीक तपकिरी मसूर मिळाली तर ती घ्यावी. कांदा तपकिरी होईपर्यंत परतायचा, घरची कांदा-लसूण चटणी सढळ हाताने घालायची आणि मसूर फुटायच्या आत आच बंद करायची. कराडकर म्हणतो की कराडची सर नाही. भांडी तो घासतो, म्हणून त्याचं मत नोंदवून घेतलंय.

भाजीत ऋतू पाळले की खर्च आपोआप खाली येतो. हिवाळ्यात कोबी, गाजर, बीट, बटाटा, कांदा. शरदात लाल भोपळा, त्याची भाजी आणि घारगे. वसंतात नवलकोल. आपल्याकडे मंडईत कोपऱ्यात पडलेला असतो तो नवलकोल जर्मन लोक कच्चा, मीठ लावून आवडीने खातात. त्याचा पाला मात्र बरेच जण दुकानातच मोडून टाकतात. आम्ही पाल्यासकट आणतो. गड्ड्याची रस्सा भाजी, पाल्याची डाळ घालून परतून भाजी. एकाच पैशात दोन वेळा भागतं. लाल मुळ्याच्या पाल्याचंही तसंच. भरलं वांगं मात्र विसरायचं. कृष्णाकाठची काटेरी वांगी इथे नाहीत. इथली वांगी मोठी, काळी आणि ओव्हनमध्ये भाजून भरीत करायलाच लायक.

दुधा-लोण्यात हा देश श्रीमंत आहे. तूप विकत घ्यायची गरजच नाही, कारण बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत मिळतं आणि कढवलं की रवाळ तूप होतं. लोण्याचा भाव मात्र बेभरवशाचा. २०२४ च्या शरदात वडी २.३९ युरोपर्यंत चढली होती, पुढे उतरली. उतरली की आम्ही एकदम आठ-दहा वड्या आणून कढवतो. क्वार्क नावाचा जो प्रकार इथे डब्यातून मिळतो, तो म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. चाळीस टक्के स्निग्धांश लिहिलेला घ्यायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा, सकाळी साखर आणि वेलदोडे घालून फेटायचा. पाडव्याला चौघांचं श्रीखंड पाच युरोंच्या आत झालं. त्यात बिनस्निग्धांशाचा क्वार्कही मिळतो. तो प्रोटीनवाल्यांचा, त्याचं श्रीखंड आंबट आणि खडूसारखं होतं.

माळकऱ्याची एकादशीही इथे निभावते. गोल्डहिर्झे नावाचं बारीक पिवळं धान्य मिळतं, आपल्या वऱ्याच्या भावकीतलंच. त्याचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. उपासाला चालतं की नाही याची खातरजमा त्याने वाईला फोन करून घेतली; आजी म्हणाल्या, “परमुलखात पांडुरंग बघंल की समजून.” तेव्हापासून आम्हा तिघांनाही एकादशी आवडायला लागली आहे.

पंचवीस तारखेनंतर पैसे कमी पडले तर सातारा जिल्हा मदतीला येतो. उडदाचं घुटं, नाहीतर म्हाद्या. म्हाद्या म्हणजे शेंगदाण्याचं कूट, कांदा, लसूण, चटणी, पाणी, एक उकळी आणि गरम भात. पैसे उरले तर ते पुढच्या महिन्यात ढकलत नाही. शेवटच्या रविवारी तुर्की खाटकाकडून चिकनच्या तंगड्या येतात, क्वचित मटणही, आणि माळकऱ्यासाठी पनीर. उरलेला पैसा खाऊनच संपवायचा हा नियम तासगावकरचा. तो झाल्यापासून आठवड्याच्या खरेदीत सगळेच काटकसरीने वागतात.

या सगळ्याला आपली चव येते ती कांदा-लसूण चटणीने. उन्हाळ्यात घरी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून, खोबरं-कांदा तळून, डंकावर कुटून आणलेली चटणी बरणीत असली की कोबी काय आणि बटाटा काय, जेवण गावचं होतं. हळदही घरची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे कॅफेत हळदीचं दूध कुर्कुमा लाटे म्हणून चार-चार युरोला विकतात, आणि लहानपणी नाक दाबून प्यायलेलं ते दूध लोक फोटो काढून पितात.

ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्राला येणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आयांचे निरोप सुरू झालेत, म्हणून सामानाचंही सांगून ठेवतो. चटणी दोन किलो, दुहेरी पिशवीत, आणि तीही कपड्यांच्या बॅगेत नको. तूप, पेढे, खवा यांच्या नादाला लागू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. कुकर आणण्याआधी घरातली शेगडी इंडक्शनची आहे का विचारा. असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, स्टीलचा घ्या. कुकरची रिंग आणि शिट्टी जादा आणा, आपल्या मापाची इथे दुकानात सापडत नाही. बेदाणे आणले तर तासगावकर खूश होईल, पण ते आधीच त्याच्या घरून येतात. पोळपाट मात्र कुणी आणू नका. आमच्याकडे तीन झालेत.