मोठी लेन्स नाही, मग टेकडीवर काढता काय?

पूर्वी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गळ्यात दीड किलोचं कॅमेऱ्याचं धूड घेऊन फिरायचो, तेव्हा येणारे-जाणारे एकच विचारायचे, "मोर दिसला का?" हल्ली हातात छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असतो. लोक आधी त्याच्याकडे आणि मग जरा सहानुभूतीने माझ्याकडे बघतात. मोठी लेन्स नाही, मग एवढ्या थंडीत वर येऊन काढता काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

वजनाचं आधी. बॅटरी-कार्डासकट बॉडी 400 ग्रॅमच्या आत, लेन्स 150च्या आत. सगळं जर्किनच्या खिशात मावतं. आतला आरसा आणि वरचं प्रिझम गेलं, म्हणून हे जमलं. फोटो टिपणारा सेन्सर मात्र जुन्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे त्या आरसावाल्या धुडात, होता तेवढाच, एपीएस-सी आकाराचा, साधारण 24 बाय 16 मिलिमीटर. दुकानात एक गोष्ट कुणी सांगत नाही: हलकी झाली ती बॉडी. लांब पल्ल्याची लेन्स लावलीत की वाचवलेलं वजन व्याजासकट परत येतं. तेव्हा लहान लेन्सवर भागवायची तयारी नसेल, तर हलक्या बॉडीला काही अर्थ नाही.

आणि पुण्याच्या थंडीत छान भागतं. कारण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इथे लांबचं काढण्यासारखं फारसं नसतंच. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो आणि शहराचा धूर-धुरळा त्याखाली कोंडतो. एआरएआय ह्या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर या आणि कोथरूडकडे बघा. इमारती करड्या थरात बुडालेल्या, सिंहगड म्हणजे नुसती एक फिकट रेघ. त्यावर लाखाची लांब पल्ल्याची लेन्स रोखलीत तरी ती धुरकंच मोठं करून दाखवणार. ऊन चढलं की थर विरतो, पण तोवर उजेडाची गंमतही गेलेली असते.

जवळ बघा, तिथे चंगळ आहे. पायवाटेच्या कडेचं कुसळी गवत तुम्हाला मोज्यांत अडकण्यापुरतंच माहीत असेल. सूर्य त्याच्या पलीकडे येईल असे बसा आणि वीतभर अंतरावरून फोकस करा. प्रत्येक कुसळाला एक लांब, पिळदार शेपटी असते, अंगावर बारीक लव. दवाने भिजली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि ह्याच पिळाच्या जोरावर बी मातीत शिरतं. तिरप्या उन्हात ती लव पेटल्यासारखी दिसते. डोळा लावायच्या इलेक्ट्रॉनिक फाइंडरमध्ये फोटो किती उजळ येणार ते क्लिकच्या आधीच दिसतं, म्हणून चाक फिरवत उजेड थोडा उतरवायचा, कडा पांढऱ्याफटक होऊ द्यायच्या नाहीत. स्क्रीन बाहेर वळते, त्यामुळे पालथं पडावं लागत नाही. पन्नाशीनंतर हा गुण मेगापिक्सेलपेक्षा मोठा.

माणसंही बरी मिळतात. बारा अंशांना माकडटोपी, मफलर, स्वेटर असा जामानिमा करून निघालेले काका मोठा कॅमेरा बघून एकदम ताठ व्हायचे. ह्या छोट्यासमोर त्यांच्या गप्पा चालू राहतात. (फोटो काढू का, हे मी विचारतोच.) शटरचा पडदा न हलवता, बिनआवाजाचा फोटोही काढता येतो, पण उडत्या वेड्या राघूवर ते वापरू नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पक्षी पुढे सरकतो आणि पंख वाकडे येतात.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पकडीत करंगळीला जागाच नाही. फाइंडर म्हणजे एक छोटा स्क्रीनच, तो बॅटरी पितो; जास्तीची बॅटरी खिशात हवीच. थंडीने बॅटरी बसते वगैरे लडाखला ठीक आहे, इथे ती काळजी नको.

पक्षीच हवे असतील, तर मात्र ह्या भानगडीत पडू नका. सोलापूर रस्त्यावर कवडीला चक्रवाक येतात, ते नदीच्या पात्रात लांब बसतात. तिथे मी अजून जुनं धूडच नेतो. ते विकणार आहात का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही.