अनोळखी माणसाकडून दोन हजारांचे यूएसडीटी घेताना

पी-टू-पी म्हणजे क्रिप्टो थेट एक्स्चेंजकडून, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या ॲपकडून न घेता, त्याच ॲपवर जाहिरात टाकून बसलेल्या दुसऱ्या माणसाकडून घेणे. पैसे तुमच्या बँकेतून थेट त्याच्या बँकेत जातात, आणि त्याने विकायला काढलेले यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो नाणे) तेवढा वेळ ॲप अडकवून ठेवते. यालाच एस्क्रो म्हणतात. पैसे मिळाले असे त्याने कळवले की अडकवलेले यूएसडीटी तुमच्या खात्यात येतात. रक्कम पाचशेची असो की पन्नास हजारांची, फसवायच्या तऱ्हा त्याच असतात. म्हणून "थोडेच तर घ्यायचेत" या समजुतीवर कुणी बेफिकीर राहू नये.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुम्हाला फक्त हजार-दोन हजारांचे बिटकॉइन घेऊन ठेवायचे असेल, तर पी-टू-पीची गरजच नाही. रुपये भरून थेट खरेदी करू देणारी एक्स्चेंज भारतात आहेत; त्यातले एफआययूकडे (केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे) नोंद असलेले निवडायचे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि ही नोंदणी बंधनकारक झाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. त्यातल्याच बाइनान्स या एक्स्चेंजने पुढे नोंदणी केली आणि २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंडही तिला झाला. पी-टू-पी कामाचे ठरते ते ॲपवर रुपये भरायची सोयच नसते तेव्हा. भारतात हा प्रकार रुजलाही त्यामुळेच. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना एक्स्चेंजपासून लांब राहायला सांगितले आणि लोक आपापसात रुपये देऊन नाणी घेऊ लागले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, पण पी-टू-पीची सवय राहिली ती राहिलीच.

आता जाहिरात कशी वाचायची ते. यादीत सगळ्यात वर सगळ्यात स्वस्त भाव असतो आणि नवखा माणूस तिथेच बोट ठेवतो. समजा बँकेत डॉलर ८५ रुपयांना आहे आणि बाकीचे सगळे यूएसडीटी ८९ ते ९० ला विकताहेत. भारतात पी-टू-पीचा भाव डॉलरपेक्षा चढा असणे नेहमीचेच आहे. अशा वेळी कुणी ८४ ला देत असेल, तर तो तोटा सोसून तुम्हाला कशासाठी देईल? एक तर त्याला तुम्हाला ॲपबाहेर न्यायचे असते, नाहीतर त्याच्याकडचा माल कुठून तरी ओरबाडलेला असतो. दोन हजारांच्या खरेदीत भावातल्या एका रुपयाच्या फरकाने तुमचे वीस-बावीस रुपये जास्त जातात. तेवढे जाऊ द्यावेत. बघायचे ते वेगळे: गेल्या तीस दिवसांत किती ऑर्डरी झाल्या, त्यातल्या किती टक्के पूर्ण झाल्या, नाणी सोडायला सरासरी किती मिनिटे लागतात आणि खाते किती जुने आहे. पाचशेहून जास्त ऑर्डरी, ९८ टक्क्यांच्या वर पूर्णत्व आणि पाच-सात मिनिटांत रिलीज, असा विक्रेता निवडावा. जाहिरातीखालच्या बारीक अटी ऑर्डर लावायच्या आधी वाचायच्या. "आधार आणि बँक स्टेटमेंट चॅटवर पाठवा" अशी अट असेल तर दुसरा विक्रेता बघा. त्याची भीती खोटी नसेलही, पण तुमचे आधार आणि सेल्फी एका अनोळखी माणसाच्या फोनवर पडून राहणार, आणि त्यावर पुढे कुठे काय उघडले जाईल हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सगळ्या काळजीत एकच काळजी घ्यायची झाली, तर ती नावाची. ऑर्डर लावली की विक्रेत्याचे केवायसीत पडताळलेले नाव पडद्यावर दिसते. यूपीआयने पैसे पाठवताना, पिन टाकायच्या आधी, बँकेत नोंदलेले नावही दिसते. ही दोन नावे एकाच माणसाची असली पाहिजेत. क्रम उलटा असला तर चालतो. आपल्याकडच्या बँकांत आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी अशा नोंदी सर्रास असतात. मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते अक्षर असले तरी चालते. पण केवायसीत "सचिन पाटील" आणि यूपीआयवर "सुनीता ट्रेडर्स" असेल, तर एक रुपयाही पाठवायचा नाही. "बायकोचे खाते आहे", "माझ्या खात्याची मर्यादा संपली", "भावाच्या फर्मचे आहे", यातले कुठलेही कारण ऐकून घ्यायचे नाही. खरे असले तरी नाही.

एवढा हट्ट का, तेही समजून घ्या. तिसऱ्याचे खाते पुढे करण्यामागे बहुतेक वेळा म्यूल खाते असते, म्हणजे भाड्याने घेतलेले किंवा फसवून उघडायला लावलेले खाते. घरबसल्या नोकरीच्या किंवा शेअर टिपच्या नावाने लुबाडलेले पैसे त्यातून फिरत असतात. कुणी तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत एकेका खात्यावर लीन, म्हणजे पैसे काढायला अडकाव, लावत जातात. कधी वादातल्या रकमेपुरता लीन लागतो, कधी अख्खे खाते गोठते. तुम्ही पैसे देणारे असल्याने तुमचा धोका विकणाऱ्यापेक्षा कमी. पण म्यूल खात्याशी देवाणघेवाण केल्याची नोंद राहते. आणि वाद झाला, तर तिसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवलेल्या ऑर्डरीत ॲपवाले तुमची बाजू सहसा घेत नाहीत, कारण तो नियम त्यांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. उद्या तुम्ही तेच यूएसडीटी पी-टू-पीवर विकायला काढाल, तेव्हा मात्र हा धोका पुरता उलटतो. तेव्हा येणारा पैसा कुणाचा आहे, हे तुम्हाला पाहावे लागते.

ऑर्डर लावली की घड्याळ सुरू होते. मुदत बहुतेक जाहिरातींत पंधरा मिनिटांची असते. घाई तिथेच होते, म्हणून तयारी आधीच करून ठेवा. यूपीआय ॲप उघडे हवे, आणि फोन नवा नको: नव्या फोनवर नोंदणी केल्यावर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते. खाते तुमच्याच नावाचे हवे, कारण नावाचा नियम तुम्हालाही लागू आहे. वडिलांच्या जीपेवरून पैसे गेले तर विक्रेता नाणी अडवेल आणि त्यात त्याची चूक नसेल. रक्कम ऑर्डरीत जशी दिसते तशीच पाठवायची. ऑर्डर १,९९९.८० ची असेल तर १,९९९.८०, गोल दोन हजार नाही. शेऱ्याची जागा रिकामी सोडा किंवा ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहा. काही विक्रेते "भाडे", "उसने पैसे" असे लिहायला सांगतात, ते ऐकू नका. बँकेने कधी विचारलेच तर खरे उत्तर आणि तुमचाच खोटा शेरा एकमेकांना छेद देतील. क्रिप्टो घेणे भारतात गुन्हा नाही, मग लपवायचे कशाला?

पैसे गेले की व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूटीआर, टिपून घ्यायचा आणि ॲपमध्ये "पैसे पाठवले" हे बटण लगेच दाबायचे. हे बटण विसरल्याने फार जण अडचणीत आलेत. पैसे तर गेले, पण बटण दाबलेले नाही. पंधरा मिनिटे संपली, ऑर्डर आपोआप रद्द झाली आणि एस्क्रोतली नाणी विक्रेत्याकडे परत गेली. आता सगळे त्याच्या सचोटीवर. दुसरा सापळा याच्याच जोडीचा आहे. तुम्ही बटण दाबता आणि विक्रेता चॅटवर लिहितो, "सर, सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही ऑर्डर कॅन्सल करा, मी लगेच रिफंड देतो." पैसे पाठवल्यावर ऑर्डर कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून रद्द करायची नाही. ऑर्डर जिवंत आहे तोवर नाणी एस्क्रोत आहेत. रद्द केली की हातात काहीच उरत नाही.

कधी यूपीआय मधेच लटकते. तुमच्या खात्यातून वजा झाले, त्याच्याकडे जमा नाही. दुसऱ्यांदा पाठवू नका. बटण दाबा, चॅटवर यूटीआर आणि "प्रलंबित" असे लिहा आणि मुदत संपत आली तर ॲपकडे अपील करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते. अपिलात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण तो कुणीही बनवतो. बँकेचे ॲप उघडण्यापासून तो व्यवहार दिसेपर्यंतचे सलग स्क्रीन रेकॉर्डिंग द्या, शक्य असेल तर त्या दिवसाचे पीडीएफ स्टेटमेंटही. बोलणे सगळे ॲपच्याच चॅटवर ठेवा. व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे अपील बघणाऱ्याला दिसत नाही.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर घेण्याबद्दल थोडक्यात: घेऊ नका. तिथे ॲपचा एस्क्रो नसतो, आणि कुणी एस्क्रो म्हणून मध्ये उभा राहिला तरी तो "ॲडमिन" विक्रेत्याचाच माणूस असू शकतो. युजरनेममधले एक अक्षर बदलून हुबेहूब ॲडमिन उभा करता येतो. तिथलीच एक तऱ्हा मात्र नीट ओळखून ठेवा. विक्रेता यूएसडीटी पाठवत नाही, तर क्रिप्टो ठेवायचे "तयार वॉलेट" देतो, ते उघडणाऱ्या बारा बीज-शब्दांसकट. तुम्ही ते शब्द टाकता, आत पैसे दिसतात, म्हणून तुम्ही रुपये देता. पण तेच बारा शब्द त्याच्याकडेही आहेत. नाहीतर ते वॉलेट असे बांधलेले असते की पैसे हलवायला दुसऱ्याचीही सही लागते. तुम्ही फीपुरते टीआरएक्स (ट्रॉन या नेटवर्कचे स्वतःचे नाणे) आत टाकता आणि तेही जातात. दुसऱ्याने दिलेले बीज-शब्द हे दुसऱ्याचेच वॉलेट. कधी कधी पाठवलेले नाणेच नकली असते. ट्रॉनवर "यूएसडीटी" नावाचे टोकन कुणीही काढू शकतो, चित्रही तेच लावू शकतो. खरे कुठले ते काँट्रॅक्टच्या, म्हणजे टोकन ज्या प्रोग्रामने काढले त्याच्या, पत्त्यावरून कळते, आणि तो पत्ता खरे यूएसडीटी काढणाऱ्या टेदर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही.

नाणी ॲपच्या खात्यात आली की स्वतःच्या वॉलेटवर हलवायची का, हा रकमेचा प्रश्न आहे. दोन हजारांसाठी काढायची फीच बोचते. बऱ्याच ॲपवर पी-टू-पीने घेतलेले चोवीस तास बाहेर पाठवताही येत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पाठवायचे ठरले तर नेटवर्क दोन्हीकडे एकच आहे ना ते बघा. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो; इथेरियम आणि बीएनबी चेनचा शून्य आणि एक्स यांनी. शेवटचे दोन दिसायला सारखेच असल्याने चूक तिथेच होते. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. पहिली आणि शेवटची चार अक्षरे जुळणाऱ्या पत्त्यावरून मुद्दाम शून्य रकमेचा व्यवहार पाठवतात, म्हणजे यादीत तुमच्या पत्त्याशेजारी त्यांचा पत्ता येऊन बसतो. मधली अक्षरेही ताडून पाहा.

बिटकॉइन थोडे थोडे जमवणाऱ्यांनी आणखी एक हिशोब समजून घ्यावा. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. दर महिन्याला पाचशेचे घेऊन लगेच वॉलेटवर काढत गेलात, तर दहा महिन्यांनी वॉलेटमध्ये दहा वेगळे तुकडे असतात, एक मोठी रक्कम नव्हे. ते एकत्र खर्चताना प्रत्येक तुकड्याचे साधारण ६८ व्हीबाइट (व्यवहाराचा आकार मोजायचे माप, फी त्यावरच ठरते) भरतात. दहांचे मिळून सुमारे ७२० व्हीबाइट. फीचा दर व्हीबाइटला १० सातोशी असेल तर ७,२०० सातोशी. बिटकॉइन ८० लाखांचे धरले तर सातोशी आठ पैशांचा, म्हणजे पाच हजारांवर जवळजवळ ५७६ रुपये फी. पाच हजारांचा एकच तुकडा असता तर ११० व्हीबाइट, नव्वद रुपयांच्या आत. म्हणून ॲपवर जमू द्यावे आणि एकदाच काढावे. एक्स्चेंज बुडाले किंवा हॅक झाले तर पाच हजार जातील, हा धोका त्यात आहेच. इतक्या रकमेला तो पत्करणे मला पटते. पन्नास हजारांना पटत नाही.

करात लहान रकमेला सूट नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सपाट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेतले तरी ते यूएसडीटी विकल्यासारखेच मोजतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. तो विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा असतो आणि कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. भारतीय ॲपवर सहसा एक्स्चेंज ते काम करते. ॲपबाहेर घेतलेत तर तुम्हालाच करावे लागते. नोकरदार किंवा लहान धंदेवाल्याला वर्षाला एकूण ५०,००० पर्यंत टीडीएसची भानगड नाही, बाकीच्यांना ही मर्यादा १०,००० ची.

म्हणून एक साधी वही किंवा शीट ठेवा. प्रत्येक खरेदीला एक ओळ: तारीख, ऑर्डर क्रमांक, दिलेले रुपये, मिळालेले यूएसडीटी, भाव, विक्रेत्याचे केवायसीतले नाव, यूटीआर. ऑर्डरीचे पान आणि चॅट पीडीएफ करून शेजारीच ठेवा, कारण ॲप जुन्या ऑर्डरी दाखवणे कधी बंद करेल सांगता येत नाही. फसवणूक झालीच तर १९३० ला फोन करताना ऑपरेटर यूटीआर, रक्कम, वेळ आणि समोरचे खाते हेच विचारतो. पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत, पहिल्या तास-दोन तासांत ही माहिती त्याच्या हाती गेली तर लीन लागायची शक्यता खरोखर असते. ओळ तयार असली की ती फोनवर वाचून दाखवायला एक मिनिटही लागत नाही.