एकदाच वाजेल अशी तबकडी

लंडनमध्ये मी जुन्या तबकड्यांमधला आवाज संगणकावर उतरवून देते. मार्चमधल्या एका सकाळी साठीचे एक जमैकन गृहस्थ आठ डबप्लेट घेऊन आले. धाकट्या भावाच्या. भाऊ १९९२ च्या सुमारास पूर्व लंडनमधल्या रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांमध्ये, रेकॉर्डी वाजवायचा. गेल्या वर्षी तो वारला.

डबप्लेट म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर नायट्रोसेल्युलोजचा थर. गाणं बाजारात यायच्या आधी त्याची एकच प्रत कोरून घ्यायची आणि त्याच रात्री वाजवायची. थर मऊ असतो, दर खेपेला सुई थोडा आवाज खरवडून नेते. तीस वर्षांत थरातलं एरंडेल विघटित होऊन वर पांढरी पूड येते, थर आकसतो, पत्र्यापासून सुटतो. आठातल्या सात गेल्याच होत्या. उरलेल्या एकीच्या कडेला नखाएवढा पापुद्रा उचललेला.

"ही एकदाच वाजेल," मी म्हटलं.

"मी थांबतो."

तबकडी पुसून सुई ठेवली. आधी नुसते पळते ड्रम, मग पोटात घुमणारा बेस, आणि त्यावर स्काची गिटार. स्का हा नाचायच्या संगीताचा प्रकार साठच्या दशकाच्या सुरुवातीचा, जमैकातल्या किंग्स्टनचा. त्यातली गिटार मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत छप्-छप् करते. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या टू टोन या रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी त्यावर गोरी-काळी पोरं एकत्र नाचवली, १९८९ मध्ये रेबेल एमसी आणि डबल ट्रबल यांनी 'स्ट्रीट टफ' या गाण्यात तो हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताला जोडला. १९९४ च्या ब्रिटिश कायद्याने मात्र रेव्हच्या संगीताची ओळख 'एकामागोमाग येणारे तेच ते ठोके' अशी करून दिली. ते वाचलं की मला अजून राग येतो. त्या ठोक्यांत कुणाकुणाच्या घरातलं काय काय साठवलंय!

रेकॉर्डिंग पुरं झालं. शेवटच्या मिनिटाला पापुद्रा सुईखाली आला, पण तोवर गाणं संपत आलं होतं. मी खरखर काढायला बसले. एक 'टिच' सारखी येत होती. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीला तबकडीवरचा आडवा ओरखडा दर १.३३ सेकंदांनी वाजतो. ही मात्र साडेतीन सेकंदांनी येत होती, गिटारचा तुकडा फिरून आला की. म्हणजे ओरखडा या तबकडीचा नव्हताच. तुकडा ज्या रेकॉर्डवरून उचलला होता, तिचा होता.

ड्रमच्या वेगाशी जुळवायला जुनं गाणं पळवलं की आवाज चिरका होतो. मी तो तुकडा सावकाश केला. चिरक्या आवाजातून एक भरदार पुरुषी आवाज बाहेर आला, आणि गृहस्थ खुर्चीतून उठले.

"ही बाबांची रेकॉर्ड. रविवारी चर्चहून आलं की पुढच्या खोलीत लावायचे." मग टिच आली. "हा ओरखडा माझा. मी आठ वर्षांचा होतो, रेडिओग्रामवरून, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या पेटीवरून, ती खाली पाडली. बाबा आठवडाभर बोलले नव्हते माझ्याशी."

वडिलांची रेकॉर्ड घर बदलताना हरवली होती. भावाने त्याआधी तिच्यातला तेवढा तुकडा उचलून ठेवला होता, ओरखड्यासकट.

माझा हात खरखर काढायच्या बटणावर होता. बाकीची सगळी खरखर काढली. ती टिच जागच्या जागी राहू दिली. त्यांनी तुकडा सावकाश गतीत पुन्हा मागितला, आणि दर वेळी टिच यायच्या क्षणभर आधी त्यांचं बोट टेबलावर पडत होतं.