जिन्याखालचा फळा

स्मरणिकेसाठी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी दुकानात होते, गिऱ्हाईक होतं समोर, तरी त्या क्षणी डोळ्यांपुढे काय आलं तर आपल्या जुन्या इमारतीतला जिन्याखालचा फळा. ग्राउंड, घंटा, स्नेहसंमेलन यावर बाकीचे लिहितीलच, मी फक्त त्या फळ्याबद्दल लिहिणार आहे, कारण मला शाळेनं जे दिलं त्यातलं बरंचसं त्या दोन बाय तीनच्या फळ्यावरून आलंय.

नंतरच्या बॅचेसनी तो पाहिला नसेल म्हणून सांगते. ऑफिसकडून वर जाणारा दगडी जिना, त्याच्या खाली सायकलींच्या बाजूला तो टांगलेला असायचा. डावीकडचा वरचा कोपरा तडकलेला, तिथे खडू उठायचाच नाही, त्यामुळे सरांचा प्रश्न नेहमी जरा उजवीकडून सुरू व्हायचा. प्रार्थनेच्या आधी सर एक प्रश्न लिहायचे. खाली खिळ्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला छिन्नीनं पाडलेली फट, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत त्यात चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर नाव, इयत्ता, उत्तर आणि चौथी ओळ 'कशावरून'. ही चौथी ओळ नसली तर उत्तर शंभर टक्के बरोबर असलं तरी चिठ्ठी परत यायची. 'बाबांनी सांगितलं' असं लिहिलेलं चालायचं, पण मग सर वर्गात येऊन विचारायचे, बाबांना कुठून कळलं ते विचारून ये. त्यामुळे आमच्या घरात रात्री जेवताना काय काय चर्चा व्हायच्या म्हणून सांगू! संध्याकाळी उत्तर फळ्यावर यायचं आणि त्याच्या खाली तारीख. तेव्हा वाटायचं तारीख अशीच घालतात, सगळे फळ्यावर घालतात तशी. ती उत्तराची तारीख आहे हे मला सातवीत कळलं.

जानेवारी १९९१. एका संस्थेची तालुक्याला सामान्यज्ञान स्पर्धा होती, आपल्या शाळेतून आम्ही तिघं गेलो होतो, शिष्यवृत्तीची तयारी चालूच होती त्यामुळे सगळं तोंडपाठ. शेवटच्या फेरीत मला प्रश्न आला, महाराष्ट्रात जिल्हे किती? मी म्हणाले एकतीस. परीक्षक म्हणाले चूक, तीस. आता बघा, १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा जिल्हे होते २६, मग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, झाले तीस, आणि ४ ऑक्टोबर १९९० ला मुंबई उपनगर वेगळा झाला म्हणजे एकतीस. तीनच महिने झाले होते. सर प्रेक्षकांत बसले होते, ते उठले, शर्टाच्या खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि शांतपणे टेबलावर नेऊन ठेवलं. परीक्षकांनी वाचलं, दोघं आपसात बोलले, आणि म्हणाले आमच्या उत्तरपत्रिकेत तीस आहे, आम्ही त्याप्रमाणेच जाणार. एका मार्कानं आमचा नंबर गेला. मी स्टेजवरून खाली उतरेपर्यंत कसंबसं धरलं आणि मग जे रडले ते स्टँडपर्यंत.

स्टँडवर रसवंती होती, चरकाच्या चाकाला घुंगरू बांधलेले, छम छम आवाज. सरांनी आम्हा तिघांना रस घेतला. स्पर्धेबद्दल एक अक्षर नाही. माझा ग्लास तसाच हातात बघून म्हणाले, काय गं, हा आत्ता हिरवट आहे, पाच-दहा मिनिटं असाच ठेवलास तर काळपट पडेल, आणि लिंबू पिळलं तर लवकर पडत नाही, हे का होतं सांग बघू. मला कुठलं सांगता येणार? पण डोकं तिकडे गेलं आणि रडू थांबलं. गाडी लागेपर्यंत आम्ही तिघं एक ग्लास लिंबू घालून आणि एक बिनलिंबाचा असे कठड्यावर ठेवून बघत बसलो होतो, रसवंतीवाले काका पण येऊन उभे राहिले. उसातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतात, त्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, मदत करतं, आणि लिंबाच्या आंबटपणानं ते विकर मंद पडतं. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते पण ह्याच जातीचं. हे सगळं मी पुढे फार्मसीला शिकले तेव्हा वर्गात मला एकटीला त्या रसाचा वास आला असेल.

जिल्ह्यांचं म्हणाल तर ते पुढे पण वाढतच गेले, १९९८ मध्ये नंदुरबार, वाशिम, १९९९ मध्ये हिंगोली, गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर. आज ३६. आणि आता तर नावं पण बदलली, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, म्हणजे माझ्या वहीतलं पाठांतर निम्मं जुनं झालं. मी दुकानात दिवसभर पट्ट्यांवरची एक्स्पायरी बघत असते, तशी सरांना उत्तराची तारीख बघायची सवय होती.

त्याच वर्षी डिसेंबरात, आम्ही आठवीत, सोव्हिएत युनियन मोडलं. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी तो देश कागदोपत्री पण राहिला नाही. सकाळी सात पाचच्या बातम्या घरोघरी लागायच्या त्यामुळे शाळेत येईपर्यंत सगळ्यांना माहीत. आठवीच्या वर्गात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, त्यात तो एवढा थोरला गुलाबी तुकडा. भूगोलाच्या बाईंनी नकाशा काढला नाही, नवीन कधी मिळेल कुणास ठाऊक. त्यांनी आम्हाला वहीच्या कागदाच्या पंधरा पट्ट्या कापायला लावल्या आणि एकेकाचं नाव लिहून टाचण्यांनी लावायला लावलं. रशिया, युक्रेन सोपं. एस्टोनिया, लात्व्हिया, लिथुआनिया हे वरून खाली क्रमानं. खरी वाट लागली किरगिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान इथे, कोण कुठं ते ठरेना, टाचण्या काढून काढून नकाशाला भोकं पडली. सरांनी फळ्यावर तो आठवडाभर एकच प्रश्न ठेवला, जगातला सर्वांत मोठा देश कोणता. उत्तर तरी पण रशियाच. पण नुसता रशिया लिहून भागत नव्हतं, 'कशावरून' मध्ये क्षेत्रफळ लिहायचं, आणि ते आमच्या पुस्तकात होतं सगळ्या सोव्हिएत युनियनचं. मग वाचनालयातलं ते काचेचं कपाट, वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे जाड खंड, आणि चौदा देश वजा करत बसलेले आम्ही.

आणि एक चीनच्या भिंतीचं लिहायलाच हवं. चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू कोणती, हे तेव्हाच्या प्रत्येक गाईडमध्ये असायचं, अजूनही लोक सांगतात. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या चिठ्ठ्या चीनची भिंत. सर आले आणि म्हणाले आपण हिशोब करू. भिंत किती का लांब असेना, दिसायला रुंदी पाहिजे, ती सात मीटर धरा. चंद्र ३,८४,००० किलोमीटर. आता माणसाचा केस घ्या, जाडी ०.०७ मिलिमीटर धरा. भिंत केसाच्या किती पट झाली? एक लाख पट. मग अंतर पण एक लाख पट कमी करा. आलं ३.८४ किलोमीटर. म्हणजे चंद्रावरून भिंत दिसते म्हणणं आणि आपल्या वेशीवर उभं राहून पावणेचार-चार किलोमीटरवरच्या माणसाचा एक केस दिसतो म्हणणं सारखंच! वर्ग एकदम गप्प झाला होता. पुढे २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई जाऊन आले, ते तर पृथ्वीभोवतीच होते, चंद्रापेक्षा कितीतरी जवळ, आणि त्यांनीच सांगितलं की मला भिंत दिसली नाही. पेपरात वाचलं तेव्हा मी ते कात्रण कापून पाकिटात घालून सरांना पाठवलं होतं. आठवीच्या पोरांनी खडू घेऊन केलेला हिशोब होता तो.

आता शिपाईमामांबद्दल. हे लिहिताना मला अजून भरून येतं. फळ्यावर एकदा प्रश्न होता, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिलं? तेव्हा लिअँडर पेसचं १९९६ चं पदक पण व्हायचं होतं. डब्यात फार थोड्या चिठ्ठ्या, बहुतेकांनी हॉकीतली नावं लिहिलेली. आणि एक चिठ्ठी हजेरीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या कागदावर, बाळबोध मोठ्या अक्षरात: खाशाबा जाधव, गोळेश्वर, ता. कऱ्हाड, कुस्ती, हेलसिंकी १९५२, ब्राँझ. नाव नाही, इयत्ता नाही. कशावरून: मिरवणूक पाहिली.

मामा मूळचे कऱ्हाडकडचे हे आम्हाला माहीतच नव्हतं, घंटा देतात आणि पाण्याची टाकी भरतात एवढंच आमचं त्यांच्याबद्दलचं ज्ञान. सरांनी त्यांना वर्गात आणून खुर्चीवर बसवलं. मामा बसायला तयार नव्हते, उभ्यानंच सांगायला लागले. शंभरावर बैलगाड्या होत्या म्हणाले, धुळीनं माणूस दिसत नव्हतं, मी बापाच्या खांद्यावर. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावागावातून वर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हे सांगताना मामांचा आवाज बसला. त्याआधी १९४८ ला लंडनला खाशाबा सहावे आले होते, तिथे पहिल्यांदा मॅटवर खेळले, तोवर सगळं मातीतलं. हे पण मामांनीच सांगितलं, मॅट म्हणजे काय ते हातानं दाखवून. त्या दिवसापासून सरांनी डब्यावर नवीन कागद चिकटवला, 'उत्तर कोणीही द्यावे', आणि पुढे ग्रंथपालबाई, कँटीनवाल्या मावशी, एकदा तर पोस्टमन पण चिठ्ठी टाकून गेले.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. नववीत, जुलै महिना, मुसळधार पाऊस, गणिताचे सर आले नव्हते म्हणून ऑफ तास, पत्र्यावर एवढा आवाज की बोललेलं ऐकू येईना. सरांनी फळ्यावर नुसतं लिहिलं: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, वजा करा. येईल त्याचं परत तेच. मी माझं जन्मसाल घेतलं, १९७८. ९८७१ वजा १७८९, आले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं म्हणून शेजारी बघितलं तर तिचं पण ६१७४, तिनं एसटीचा नंबर घेतला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं ६१७४, मग खिडकीकडून, मग सगळीकडून. एकीचं मात्र शून्य आलं. तिनं २१११ घेतले होते, वजाबाकी ९९९ आली आणि तिनं पुढचं शून्य सोडून दिलं. सर तिच्या बाकापाशी बसले, ०९९९ लिहून घेतलं, मग ८९९१, ८०८२, ८५३२ आणि आलं! सात पायऱ्यांच्या आत येतंच, कुठलीही संख्या घ्या.

मग पाऊस जरा कमी झाल्यावर सरांनी सांगितलं की हे १९४९ मध्ये शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, जन्म डहाणूचा, आणि १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. देवळाली! एसटीनं तासाभराचा रस्ता, माझी मावशी राहते तिथे. जगात याला कापरेकर स्थिरांक म्हणतात, १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्यांचं नाव सगळीकडे झालं. त्यांनी शोधलेल्या आणखी एका प्रकारच्या संख्यांना 'डेमलो' म्हणतात, ते नाव तर डोंबिवलीच्या स्टेशनवरून पडलंय. आणि १९८६ मध्ये, म्हणजे आम्ही दुसरी-तिसरीत असताना, ते गेले. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, एव्हरेस्टची उंची पाठ, कॅनबेरा पाठ, आणि तासाभरावर राहणारा माणूस माहीत नाही.

अजूनही आमच्या ग्रुपवर कोणी फॉरवर्ड टाकलं, युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला वगैरे, की पाच मिनिटांत कोणीतरी खाली लिहितंच, 'कशावरून?' आणि फॉरवर्ड डिलीट होतं. राग कोणाला येत नाही. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. शाळेत असताना राष्ट्रीय खेळ कोणता या प्रश्नाला मी 'हॉकी' लिहून त्या डब्यात चिठ्ठी टाकलेली होती, कशावरून, तर पुस्तकात आहे. दुसऱ्याच दिवशी सरांना फोन केला, सर, माझं एक उत्तर दुरुस्त करा. तिकडून कितीतरी वेळ हसण्याचा आवाज.

आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राचं वैयक्तिक पदक, तेव्हा फोन सरांचाच आला. मामा असायला हवे होते, एवढंच बोलले.

जुनी इमारत आता नाही, फळा पण नाही. आमच्या १९९४ च्या बॅचनी मुख्याध्यापकांना विचारून नवीन इमारतीत जिन्याखाली तसाच फळा लावलाय, डबा बिस्किटांचाच आहे, फट यावेळी नीट कापून घेतली. पहिला प्रश्न सरांनी फोनवर सांगितला आणि मी तो स्वतः खडूनं लिहून आले: २९७ चा वर्ग करा. आलेल्या संख्येचे डावीकडचे दोन अंक आणि उजवीकडचे तीन अंक वेगळे करून बेरीज करा. काय दिसतं? अशी आणखी एक संख्या शोधा. चिठ्ठीवर नाव आणि इयत्ता लिहा, माजी विद्यार्थ्यांनी बॅच लिहावी, आणि खाली कशावरून.