फक्की मारल्यावर कळलेला उतार

नाशिकच्या पंचवटीतल्या एका छोट्या दवाखान्याला व्हीलचेअरसाठी रॅम्प सुचवायचा, हे आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या माझ्या मुलांचं काम. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजणारं हे गाव. नदीकाठची जोती उंचच असणार. इथे पायरीपाशी 600 मिमी भरलं.

मुलांचा हिशेब सरळ होता. उतार 1:12, म्हणजे 1 चढायला 12 लांबी, म्हणून लांबी 7.2 मीटर: भिंतीलगत 3.6, कोपऱ्यात दीड मीटरचा सपाट टप्पा, तिथून काटकोनात गेटकडे 3.6. शीट देखणी झाली होती. म्हटलं, आता जागेवर फक्की मारा, पांढऱ्या भुकटीने जमिनीवर आखा.

आखणी झाल्यावर मिस्त्रींनी लेव्हलची नळी काढली, पाणी भरलेली पारदर्शक नळी. पहिलं माप वाया गेलं, नळीत बुडबुडा होता. पाणी पुन्हा भरलं, दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळवली आणि रॅम्प जिथे जमिनीला टेकणार तिथे मोजलं. 750! पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून अंगण गेटकडे उतरतं केलेलं. मधला टप्पा दारापेक्षा 300 खाली, म्हणजे खालच्या 3.6 मीटरमध्ये 450 चढायचं. उतार 1:8. व्हीलचेअर एकट्याने चढवणं विसराच, उतरताना ती हातातून सुटेल.

"लांबी वाढवू या ना, मॅडम."

वाढवली की टोक आणखी गेटकडे, म्हणजे आणखी खाली सरकणार. अर्धा तास याच गुंत्यात गेला. मग एका मुलीने खालचा पट्टा काटकोनात न नेता वरच्याला समांतर, उलटा पायरीकडे वळवला. तिथे जमीन फक्त 50 मिमी खाली होती. चढ 650, लांबी 7.8, दोन पट्टे 3.9 चे. वर दारापुढचा दीड मीटर आणि वळणाचा दीड मीटर धरून भिंतीलगत 6.9 लागले. बसलं. शिवाय खुर्चीवरचा आणि चालणारा एकाच जागेवरून चढू लागतात. मला हेच जास्त आवडलं.

कठडा दोन्ही बाजूंना, 760 आणि 900 मिमीवर. मुलांनी वर पॉलिश केलेली कोटा फरशी दाखवली होती; पावसात तिच्यावर चप्पलही टिकत नाही. मिस्त्रींचा उपाय स्वस्त: काँक्रीट ओलं असतानाच उताराला आडवा झाडू ओढायचा.

निघताना स्वच्छतागृह पाहिलं. दार 750 मिमीचं, तेही आत उघडणारं. कोणी आत पडलं तर बाहेरून ढकलताही येणार नाही. पुढच्या शुक्रवारी ते.