सुपरचार्जर आणि उसाचं पाचट

जानेवारीतली गोष्ट. सकाळी गॅरेजचं शटर वर करून देवाला उदबत्ती लावतोय तोवर फोन. "काका, गाडी मेली." म्हटलं मेली म्हणजे काय, बंद पडली का? तर म्हणे बंद नाही हो, चालतीय, पण उसाच्या ट्रॉलीमागनं ओव्हरटेकला पाय दिला की ओढतच नाही, आणि पुढनं डब्यात खडे हलवल्यागत आवाज येतोय. खडे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. सांगितलं, आहे तिथंच बाजूला घ्या, पाय अजिबात देऊ नका, मी येतो.

गाडी म्हणजे निसान ३७०झेड. ३.७ लिटरचा व्ही६, टर्बो नाही काही नाही, ७५०० पर्यंत फिरतो, कंपनीतनं येतानाच सव्वातीनशेच्या वर हॉर्सपॉवर. मालक तिशीतले, घर ताराबाई पार्कात आणि फौंड्री गोकुळ शिरगावला, आणि गाडी रोज कामावर न्यायची. रविवारी रंकाळ्याला चक्कर मारून परत कव्हरखाली जाणारी गाडी असती तर मी एवढा विचारच केला नसता.

दसऱ्याच्या आसपास ते माझ्याकडं उद्यमनगरात आले तेव्हा डिकीत परदेशातनं मागवलेलं सेकंडहँड सुपरचार्जर किट होतं, म्हणजे इंजिनच्याच बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. सेंट्रिफ्यूगल म्हणजे पंख्यानं हवा फेकणारा चार्जर, ब्रॅकेट, तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पाइपा, आणि दोन पुल्या, एक मोठी एक छोटी. छोटीवर बोट ठेवून म्हणाले, "काका, ही घालायची, पाचशे हॉर्सपॉवर पायजेत." पुली छोटी तेवढा चार्जर जोरात फिरतो. मी म्हटलं मालक, आधी चहा घ्या. मग विचारलं, एसी बंद करून चालवणार काय? नाही. वहिनी पण चालवणार काय? हो. पेट्रोल कुठलं? जो पंप लागेल तो. म्हटलं झालं तर मग, छोटी पुली भिंतीवर टांगू, मोठी घालू. तिथंच ती खिळ्याला अडकवली, रागानं बघत बसले तिच्याकडं.

कारण साधं आहे. या इंजिनचं कॉम्प्रेशन आधीच ११ ला १, त्यात वरनं हवा कोंबायची म्हणजे नॉकिंगला आवतनच, पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकतं आणि तोच खड्यांचा आवाज. मोठ्या पुलीवर टॉपला ६ पीएसआय बूस्ट, म्हणजे टायरची हवा मोजतो त्याच मापात वरचा दाब, ४२०-४३० हॉर्सपॉवर मिळाली तरी रोजच्या गाडीला डोक्यावरनं पाणी. आणि सेंट्रिफ्यूगलचा गुण असा की बूस्ट आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणजे टॉपला ६ असेल तर निम्म्या आरपीएमला दीडच, म्हणून कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी कंपनीच्या गाडीगतच वागते. त्यांना खरं तर इंजिनच्या डोक्यावर बसणारा रूट्स टाइप हवा होता, खालनंच दणका देतो म्हणून. मी म्हटलं तो तुमच्या लाइनीतलाच आहे की, अमेरिकेतल्या इंडियानात रूट्स बंधूंनी १८६० ला पेटंट घेतलं आणि त्यांच्या ब्लोअरचा धंदा भट्टीला वारं घालण्यावर वाढला, गाडीवर तो फार नंतर चढला. हे ऐकून जरा खूश झाले, पण ऐकलं माझंच.

खरा शत्रू बूस्ट नसतोय, उष्णता असते. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर, इथं हवेचा दाब पावणेचौदा पीएसआयच्या आसपास, त्यावर ६ दाबले की ३० डिग्रीची हवा चार्जरमधनं ७५ च्या पुढं तापून बाहेर पडते. तीच इंटरकूलरनं खाली आणायची. मी पाटीवर खडूनं हे लिहून दाखवलं तर मालक म्हणाले, एवढं गणित मला कॉलेजात पण कुणी घातलं नव्हतं.

बाकी यादी कंटाळवाणी होती पण पैसे तिथंच गेले. ६५० सीसीचे इंजेक्टर, कारण पंपावर आता ई-२० मिळतंय, म्हणजे पेट्रोलात २० टक्के आपल्याच उसाचं इथेनॉल, आणि त्याला नुसत्या पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के जास्त इंधन सोडावं लागतंय. मोठा फ्युएल पंप. ऑइल कूलर, कारण घाटात या इंजिनचं ऑइल भरभर चढतं. कंपनीच्यापेक्षा एक नंबरानं थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे प्लग. किटबरोबर आलेला ब्रॅकेट तर मी हातानं वाकवून बघितला आणि बाजूला ठेवला, शेजारच्या लेथवाल्या चाचांकडनं १६ एमएमच्या प्लेटमधनं नवा काढून घेतला, हेडला तिसरा पाय देऊन. मालक म्हणत होते आमच्या फौंड्रीत बीडाचा ओतून देतो, नको म्हटलं, तुमचं बीड पंपाला ठेवा. कागदाचं पण बोललो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालणार नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला लपवून काही नको. म्हणाले ते माझ्याकडं लागलं. मी दोनदा विचारलं, आता तिसऱ्यांदा विचारायला मी काय त्यांचा बाप नाही.

दिवाळीनंतर गाडी दिली. दोन महिने तक्रार नाही. आणि मग तो फोन.

उजळाईवाडीच्या जरा अलीकडं गाडी उभी होती, मालक बाजूला मान खाली घालून, आणि शेजारनं उसाच्या ट्रॉल्या जातायत, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, कर्ण्यावर गाणी लावून. गाडी गॅरेजला ओढून आणली. माझा पहिला संशय माझ्याच ब्रॅकेटवर, कारण बेल्ट घसरला तरी ओढ जाते. पट्टी लावली, डायल गेज लावला, पुल्या एका रेषेत, बेल्टला चकाकी नाही, काळी पावडर नाही. जीव थोडा खाली आला. मग फ्युएल प्रेशर, ते पण बरोबर. मग प्लग काढले. सहाच्या सहा बाकावर ओळीनं ठेवले आणि भिंग घेऊन बसलो, गॅरेजातलं पोरगं टॉर्च धरून. नॉकिंग जोरात झालं असेल तर पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक ठिपके दिसतात, काळे असले तर इशारा, रुपेरी असले तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलं म्हणायचं. पाच स्वच्छ. सहाव्यावर मिरपूड टाकल्यागत तीन काळे ठिपके. रुपेरी एक पण नाही. कॉम्प्रेशन घेतलं, सगळे सिलिंडर एकमेकांच्या पाच टक्क्यांत. तेव्हा कुठं मालकांना म्हटलं, इंजिन आहे, घाबरू नका. नॉक सेन्सरनं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेतली म्हणून तुम्हाला ओढ गेल्यासारखी वाटली, त्यानंच वाचवलं तुम्हाला.

पण नॉकिंग झालं कशानं? गाडीतल्या आकड्यांचा लॉग काढला आणि माझीच चूक समोर आली. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, दिसणारं हवेचं टेम्परेचर ४१. मी इंटरकूलरच्या नंतर पाइपात माझा एक सेन्सर ठोकला होता, त्यावर त्याच क्षणाला ७९. ईसीयू ज्या सेन्सरवर विश्वास ठेवतोय तो चार्जरच्या आधी, एअरफ्लो मीटरमध्ये, म्हणजे दाबून तापलेली हवा त्याला दिसतच नाही. माझा सेन्सर नुसता नोंद करायला ठेवलेला, त्याची वायर ईसीयूपर्यंत न्यायची मी "नंतर बघू" म्हणून सोडली होती. नंतर म्हणजे हे.

तरी ७९ का? दिवाळीला टेस्ट केली तेव्हा ४८ च्या वर गेलंच नव्हतं. पोराला म्हटलं बंपर काढ. बंपर उतरला आणि पोरगं हसायलाच लागलं. इंटरकूलरचं तोंड दिसतच नव्हतं. उसाचं पाचट, वाडं, चिखल, सगळं दाबून गादी झाली होती, मधनं एक सुतळी पण निघाली. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून रोज दोन वेळा ट्रॉलीच्या मागं, ट्रॉलीतनं उडतंय ते सगळं खालच्या जाळीतनं आत. मी त्या गाडीची टेस्ट हायवेवर कागलपर्यंत घेतली होती, पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. ट्रॉलीमागं पंधराच्या स्पीडनं एसी लावून अर्धा तास, ही टेस्ट मला सुचलीच नव्हती, आणि जन्म गेला या गावात. ऊस टाकीतनं पण आला आणि बंपरातनं पण.

मालक पाचटाची मूठ हातात घेऊन म्हणाले, "काका, एवढ्यानं सव्वाचारशे हॉर्सपॉवर बसली?" मी काय बोलणार.

दुपारभर काम केलं. इंटरकूलर उलट्या बाजूनं पाण्यानं धुतला, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पत्र्या आडव्या होतात. पुढं चार इंच अंतर सोडून बारीक जाळी, चार बोल्टात निघणारी, पाचट बसायचंच तर डोळ्याला दिसेल आणि ब्रश जाईल अशा जागी बसू दे. सेन्सरची वायर ईसीयूला नेली. ईसीयूच्या मॅपमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या तक्त्यात, ५० डिग्रीच्या वर टायमिंग हळूहळू मागं, आणि ७० च्या वर थ्रॉटल पूर्ण उघडायचंच नाही, मग मालकांनी पाय फ्लोअरला लावला तरी.

आणि संध्याकाळी पाचला, शिफ्ट सुटायच्या टायमाला, आम्ही दोघं मुद्दाम शाहू नाक्यापासनं ट्रॉली शोधत निघालो. मिळायला वेळ लागला नाही. ट्रॅक्टरवाला मागं वळून बघतोय, असली गाडी ओव्हरटेक का करत नाही म्हणून. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे वाचतोय, ४९, ५२, ५५, ५७. मालकांचा हात गिअरवर शिवशिवतोय. ५८ ला थांबलं, पाच मिनिटं तिथंच. मग म्हटलं, मारा आता. एकही खडा वाजला नाही, ट्रॅक्टरचं गाणं तेवढं मागं राहिलं.

आता दर सोमवारी, आमची सुट्टी असते तेव्हा, मालक स्वतः जाळी काढून दात घासायच्या ब्रशनं साफ करतात आणि मला फोटो पाठवतात, न मागता. मध्ये एकदा चहाला आले होते, खिळ्याकडं बघितलं. छोटी पुली तिथं नव्हती. ती मागनं वाटीगत पोकळ असते, पोरगं तिच्यात वायसर ठेवतंय.